उंबरठ्यावरचे रान : मराठी निसर्गलेखनाची दृष्टी आणि शहरातील वन्यजीवन

सारांश

मराठी निसर्गलेखनाची परंपरा समृद्ध असली तरी तिच्यातील वन्यजीवन प्रामुख्याने शहरापासून दूरच्या अरण्यात घडते. शहरात आणि शहराच्या वेशीवर वावरणाऱ्या वन्यजीवांचे वर्णन मात्र साहित्याऐवजी वृत्तपत्रांच्या आणि भूतदयेच्या भाषेकडे सोपवले गेले आहे. हिवाळ्यात, म्हणजे शहरवासीयांचा या सजीवांशी संबंध अधिक दाट होतो त्या काळात, या दोन्ही भाषांच्या मर्यादा विशेषत्वाने उघड होतात. निसर्गलेखनाने घडवलेली पाहण्याची रीत शहरात आणणे ही सहजीवनाची एक पूर्वअट कशी ठरते, तसेच त्या रीतीला कोणत्या मर्यादा आहेत, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रस्तावना

९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी पुण्याच्या कोथरूड परिसरात एक गवा आढळला. टेकडीलगतच्या वसाहतीत आलेल्या या प्राण्याभोवती थोड्याच वेळात मोठी गर्दी जमली. भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करणारे, आरडाओरड करणारे, त्याच्या मागे धावणारे असे सर्व प्रकारचे लोक त्या गर्दीत होते. काही तास तो सैरावैरा धावत राहिला. अखेर त्याला पकडण्यात आले आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्याचा मृत्यू झाला. पुढे तेराच दिवसांनी, २२ डिसेंबर रोजी, त्याच शहराच्या बावधन भागात दुसरा गवा दिसला. या वेळी गर्दीला दूर ठेवण्यात आले, परतीची वाट मोकळी राखण्यात आली आणि तो गवा रानाकडे परतला.

शहर एकच, ऋतू एकच आणि प्राणीही एकाच जातीचा असताना या दोन घटनांचा शेवट परस्परविरुद्ध झाला. दुसऱ्या प्रसंगी प्रशासन अधिक सावध होते, हे त्याचे एक कारण होय. परंतु तेवढ्याने विवेचन पूर्ण होत नाही. कोथरूडमध्ये जमलेल्यांपैकी बहुतेकांना त्या प्राण्याचे वाईट करावयाचे नव्हते. त्यांना तो पाहावयाचा होता. पाहण्याची ही इच्छाच त्या प्राण्याच्या जिवावर बेतली. वन्यजीव पाहावा कसा, किती अंतरावरून, किती वेळ आणि कोणत्या मनोवृत्तीने, हा प्रश्न वनखात्याच्या कार्यपद्धतीपुरता मर्यादित नसून तो संस्कृतीचा, आणि म्हणून साहित्याचाही, प्रश्न आहे. पाहण्याच्या रीती भाषेतून घडतात, आणि मराठीत अशी एक रीत निसर्गलेखनाने निश्चितच घडवली आहे. ती शहराच्या उपयोगी का पडली नाही, हा येथे विचारार्थ घेतलेला मुख्य प्रश्न आहे.

रानाकडे जाणारी वाट

मराठीतील वन्यजीवनविषयक लेखनाचा विचार व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली या दोन नावांना वगळून करता येत नाही. माडगूळकरांचे 'नागझिरा' हे पुस्तक म्हणजे एका लेखकाने अरण्यात राहून केलेल्या निरीक्षणांची नोंद होय. चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्यातील प्रदीर्घ सेवेत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या प्रदेशांत जे पाहिले, ते 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'चकवाचांदण' इत्यादी ग्रंथांतून मराठी वाचकापर्यंत पोहोचवले. 'पक्षीकोशा'च्या रूपाने त्यांनी पक्ष्यांच्या देशी नावांचे जे संकलन केले, त्याचे मोल केवळ कोशविद्येपुरते नाही. ज्याला नाव नाही त्याची दखल घेणे समाजाला कठीण जाते, हे लक्षात घेतले तर या कार्याचे महत्त्व स्पष्ट होते.

या दोघांच्या लेखनाचा विशेष म्हणजे संयम. पाणवठ्याजवळ लपणात बसून राहणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, प्राण्याच्या वाटेत न येणे, जे दिसले नाही ते दिसल्याचा आव न आणणे, या गोष्टी त्यांच्या लेखनात शिकारकथेतील शौर्याची जागा घेतात. लेखक येथे घटनेचा नायक नसतो, साक्षीदार असतो. साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरवली गेलेली माडगूळकरांची 'सत्तांतर' (१९८२) ही कादंबरी या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. वानरांच्या टोळ्यांमधील सत्तासंघर्षाचे चित्रण करताना माडगूळकर त्या प्राण्यांवर मानवी नीतिअनीती लादत नाहीत. वानरांचा समाज स्वतःच्या नियमांनी चालतो, आणि ते नियम समजून घेणे एवढेच निरीक्षकाच्या हाती असते, ही जाणीव कादंबरीभर टिकून राहते.

तथापि, या परंपरेच्या रचनेतच एक मर्यादा दडलेली आहे. तिच्यातील बहुतेक लेखन 'जाणे' आणि 'परत येणे' या दोन क्रियांच्या चौकटीत बसते. लेखक शहर सोडून रानात जातो. तेथे त्याची दृष्टी निवळते. परतल्यावर तो लिहितो. परिणामी रान म्हणजे अर्थपूर्ण जागा आणि शहर म्हणजे त्या अर्थाचा अभाव, अशी विभागणी वाचकाच्या मनात नकळत पक्की होते. 'सत्तांतर'मधील वानरांचे जीवन आस्थेने वाचणारा वाचक आपल्या गच्चीवर आलेल्या वानरांच्या टोळीला 'उच्छाद' या एकाच शब्दाने संबोधतो. त्याला यात विसंगती वाटत नाही, कारण साहित्यातील वानर रानातले आणि गच्चीवरचे वानर जागा चुकलेले, हे त्याने गृहीतच धरलेले असते. हा दोष लेखकांचा म्हणता येणार नाही. त्यांनी आपल्या अनुभवाच्या प्रदेशाशी प्रामाणिक राहून लिहिले. दोष असलाच तर तो या लेखनाच्या ग्रहणाचा आहे. निसर्गलेखनातून पाहण्याची शिस्त घेण्याऐवजी वाचकांनी आणि बऱ्याच अंशी समीक्षेनेही त्यातून अरण्याचे आकर्षण तेवढे घेतले.

पंचांगाची चौकट

या प्रवासकेंद्री परंपरेहून वेगळी वाट दाखवणारे पुस्तक म्हणजे दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६). बारा मराठी महिन्यांच्या क्रमाने जाणाऱ्या या ललितलेखांना प्रवासाऐवजी पंचांगाची चौकट आहे. हा फरक वरवरचा नाही. प्रवासात निसर्ग स्थळाच्या रूपाने भेटतो, तर पंचांगात तो काळाच्या रूपाने भेटतो. आणि काळ रानात व शहरात सारखाच वाहतो. मार्गशीर्ष जसा नागझिऱ्यात येतो तसा दादरमध्येही येतो. ऋतूकडे पाहण्यासाठी घर सोडावे लागत नाही, हे एकदा मान्य केले की शहरवासी हा निसर्गाचा पाहुणा न राहता रहिवासी ठरतो. डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या 'फुलवा' आणि 'वृक्षगान' या पुस्तकांनी वृक्षांच्या बाबतीत हीच दृष्टी पुढे नेली. रोजच्या वाटेवरील झाड हा ललितलेखाचा विषय होऊ शकतो, हे या लेखनाने दाखवून दिले. मात्र स्थिर उभ्या असलेल्या झाडाला जी आस्था लाभली, ती चालत्या-उडत्या सजीवाला शहराच्या संदर्भात क्वचितच मिळाली.

वस्तुतः महाराष्ट्रातील शहरांचा हिवाळा या दृष्टीने अत्यंत संपन्न असतो. पावसाळा ओसरताच मैदानांवर आणि इमारतींच्या आवारांत शेपटी वरखाली हलवत चालणारे धोबी दिसू लागतात. पडक्या भिंतींवर आणि कुंपणांवर थिरथिरा येऊन बसतो. भोरड्यांचे थवे संध्याकाळी शहरातल्या झाडांवर रातथाऱ्याला उतरतात. पौष-माघात पानगळ झालेल्या काटेसावरीला फुले येऊ लागली की एरवी एकमेकांपासून दूर राहणारे अनेक पक्षी एका झाडावर गोळा होतात. मुंबईच्या किनाऱ्यावर कुरव येतात. शिवडीच्या आणि ठाणे खाडीच्या चिखलात रोहित पक्षी, म्हणजेच अग्निपंख, हिवाळ्याच्या सुरुवातीपासून उन्हाळ्यापर्यंत मुक्काम करतात. ठाणे खाडीतील सुमारे १७ चौरस किलोमीटरचे क्षेत्र २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि २०२२ साली त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर स्थळाचा, दर्जा मिळाला. पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेवरील कवडीपाट येथे हिवाळ्याच्या सकाळी चक्रवाक, शेकाट्या, तुतवार, नदीसुरय अशा पक्ष्यांचा मेळा भरतो.

परंतु येथेच सौंदर्यदृष्टीची कसोटी लागते. कवडीपाटचे पाणी हे पुणे-पिंपरीचे सांडपाणी पोटात घेऊन आलेले पाणी आहे. चक्रवाकाची जोडी जेथे उतरते तेथेच बंधाऱ्याला प्लॅस्टिकचा थर साचलेला असतो. ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांची संख्या वाढण्याचा संबंधही अभ्यासकांनी काही अंशी सांडपाण्यावर पोसल्या जाणाऱ्या शेवाळाशी जोडला आहे. म्हणजे ज्या दृश्याने शहरवासी सुखावतो, त्या दृश्याच्या मुळाशी त्याचीच घाण आहे. २० मे २०२४ रोजी घाटकोपरच्या आकाशात उतरणाऱ्या विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित पक्षी मृत्युमुखी पडले, तेव्हा खाडी, विमानतळ आणि वाढते शहर यांनी एकमेकांची हद्द किती व्यापली आहे, याचे दर्शन घडले.

अरण्यकेंद्री सौंदर्यदृष्टीला हे दृश्य पचवणे कठीण जाते. ती एकतर घाण चौकटीबाहेर ठेवून पक्ष्याचे छायाचित्र टिपते, किंवा घाणीकडे पाहून पक्ष्यालाच 'खरा निसर्ग' मानण्याचे नाकारते. या दोन्ही प्रतिक्रिया सत्याचा अर्धाच भाग पाहतात. शहरातील निसर्गलेखनाला चक्रवाक आणि प्लॅस्टिक एकाच वाक्यात मांडता आले पाहिजेत. त्यात विरूपाचा सोस नसावा, तसा सौंदर्याचा हट्टही नसावा. 'ऋतुचक्रा'ची परंपरा पुढे नेणे म्हणजे दुर्गाबाईंच्या शैलीचे अनुकरण करणे नव्हे, तर आजच्या शहराच्या पंचांगात जे जे घडते त्याची तितक्याच एकाग्रतेने नोंद घेणे होय.

सरहद्दीची भाषा

शहरातील वन्यजीवांचे वर्णन साहित्याने सोडून दिले तेव्हा ती जागा वृत्तपत्रांनी व्यापली. बिबट्याविषयीच्या मराठी बातम्यांतील शब्दकळा तपासली असता ती जवळजवळ संपूर्णपणे युद्धाच्या आणि गुन्हेगारीच्या क्षेत्रातून आलेली दिसते. बिबट्या वस्तीत 'घुसतो', 'धुमाकूळ घालतो', 'दहशत माजवतो' आणि अखेर 'जेरबंद' होतो. या भाषेत एक सरहद्द गृहीत धरलेली आहे : अलीकडे माणसांचा मुलूख, पलीकडे जनावरांचा. जो ती ओलांडतो तो घुसखोर.

या संदर्भात एका जुन्या ग्रंथाची आठवण उद्बोधक ठरते. साताऱ्यात १८५१ साली जन्मलेले आणि काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधील संस्थापकांपैकी एक. 'ईएचए' या आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या एटकेन यांचे 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. बंगल्यात आणि बंगल्याभोवती राहणारे उंदीर, कावळे, मुंग्या, बेडूक यांना त्यांनी सरहद्दीवरच्या टोळ्या कल्पिले आणि स्वतःच्या निरीक्षणांना परराष्ट्र धोरणाचा थाट दिला. तत्कालीन साम्राज्यवादी परिभाषेचा हा विनोदी वापर आहे. त्या विनोदाला वसाहतीच्या सत्तेची पार्श्वभूमी आहे हे विसरता येत नाही. सरहद्दीवरच्या 'टोळ्या' हा शब्द माणसांसाठी वापरला जात असे तेव्हा तो विनोद नव्हता. तरीही एटकेन यांच्या लेखनात एक गोष्ट स्पष्टपणे जाणवते. सरहद्द ही कल्पना आहे, आणि ज्यांना परके म्हणावे ते प्रत्यक्षात घरातच राहतात, याची लेखकाला पूर्ण जाण आहे. आजच्या बातमीने तीच सरहद्द कायम ठेवली, मात्र तिच्यातील विनोद आणि ही जाण दोन्ही गमावली.

या भाषेचे परिणाम केवळ शाब्दिक नाहीत. 'जेरबंद' हा शब्द बातमीचा सुखान्त म्हणून येतो. बिबट्या पकडला गेला म्हणजे प्रश्न मिटला असे वाचकाला वाटते. संशोधन मात्र वेगळे सांगते. जुन्नर परिसरात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम राबवली गेली, त्या काळाचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. मोहिमेपूर्वी माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ होती. मोहिमेनंतर ती १७ वर गेली, असे या अभ्यासात आढळले. अनोळखी प्रदेशात सोडलेला, पकडण्याच्या अनुभवाने बिथरलेला प्राणी अधिक धोकादायक ठरतो, हा या निष्कर्षाचा आशय. याच अभ्यासकांनी अकोले तालुक्याच्या शेतीप्रदेशात केलेल्या पाहणीत दर १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले, आणि तेथील मानवी लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक होती. उसाच्या फडात जन्मलेल्या बिबट्याच्या पिलाला 'रान' म्हणजे ऊसच. हिवाळ्यात ऊसतोडणी सुरू झाली की फडात बछडे सापडल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच. जो तेथेच जन्मला तो घुसला कोठून, हा प्रश्न 'घुसखोरी'च्या भाषेला विचारता येत नाही.

२००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला वाचवून, गळ्यात उपग्रह-पट्टा बसवून, माळशेज घाटात सोडण्यात आले. रस्ते आणि वस्त्या ओलांडत, कोणालाही इजा न करता, तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. 'आजोबा' या नावाने ओळखला गेलेला हा बिबट्या २०११ च्या डिसेंबरमध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने मरण पावला. सुजय डहाके दिग्दर्शित 'आजोबा' (२०१४) या मराठी चित्रपटाने ही कथा पडद्यावर आणली. मराठीत बिबट्याला नातेवाचक नाव मिळणे ही सांस्कृतिक दृष्ट्या लक्षणीय घटना होती. 'नरभक्षक' आणि 'आजोबा' या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे, त्याच अंतरात शहरी सहजीवनाचा प्रश्न उभा आहे.

भूतदयेची भाषा

घुसखोरीच्या भाषेच्या दुसऱ्या टोकाला भूतदयेची भाषा आहे. ती प्राण्याला शत्रू मानत नाही, याचक मानते. हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर कुरवांना शेव-गाठिया उधळणारी माणसे, घाटात वानरांपुढे बिस्किटांचे पुडे फोडणारे प्रवासी आणि चौकाचौकांत कबुतरांना ज्वारी टाकणारे श्रद्धाळू या सर्वांचा हेतू प्रेमाचा असतो. तथापि, या प्रेमात प्राण्याचे स्वतंत्र जीवन जवळजवळ नसतेच. कुरव हा मासे आणि इतर जलचर खाणारा, समुद्रकिनाऱ्यांवर आपले अन्न स्वतः शोधणारा पक्षी आहे, ही माहिती गाठिया उधळण्याच्या आनंदात अडथळाच ठरते.

जुलै-ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याच्या प्रश्नावरून जो वाद पेटला, त्यातून या भाषेची कोंडी प्रत्यक्ष दिसली. एका बाजूला कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या विकारांविषयीचा वैद्यकीय युक्तिवाद होता, तर दुसऱ्या बाजूला धर्मभावनेचा. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, दादरमध्ये आंदोलने झाली. या साऱ्या चर्चेत कबूतर हा पक्षी म्हणून फारसा कोणी पाहिला नाही. शहरात त्याची संख्या का वाढली, कड्याकपाऱ्यांत राहणाऱ्या या पक्ष्याला उंच इमारतींचे सज्जे घरासारखे का वाटतात, आयत्या दाण्यामुळे त्याच्या विणीवर काय परिणाम होतो, हे प्रश्न बाजूला पडले. एका पक्षाला तो आजाराचे कारण होता, दुसऱ्याला पुण्याचे साधन.

भूतदया ही भारतीय परंपरेतील मौलिक भावना आहे, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दया ही नेहमी वरून खाली वाहते. सहजीवनाला दयेपेक्षा वेगळ्या गुणाची गरज असते, आणि तो गुण म्हणजे अंतर राखता येणे. माडगूळकर-चितमपल्लींच्या लेखनातील निरीक्षक प्राण्याला काही देत नाही आणि त्याच्याकडून काही मागतही नाही. शहरवासीयाने त्या लेखनातून उचलावी अशी गोष्ट असेल तर ती ही आहे.

सहजीवनाची किंमत

येथपर्यंतच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळता कामा नये. शहरातील निसर्गाचा आस्वाद घेणारा आणि त्यासाठी किंमत मोजणारा हे बहुधा वेगवेगळे लोक असतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच्या भोवताली केलेल्या कॅमेरा-पाहणीत २०१५ साली ३५ आणि २०१८ साली ४७ बिबटे आढळले. या आकड्यांचे जे कौतुक झाले ते योग्यच होते. एवढ्या मोठ्या महानगरात इतके बिबटे असणे ही जगात दुर्मीळ गोष्ट आहे. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये, दिवाळीच्या दिवशी पहाटे, आरे वसाहतीत बिबट्याच्या हल्ल्यात एका चिमुकल्या मुलीचा बळी गेला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात थोड्याच दिवसांच्या अंतराने बिबट्याच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले आणि संतप्त ग्रामस्थ रस्त्यावर उतरले. ज्या घरात मूल गेले त्या घराला सहजीवनाचे सौंदर्यशास्त्र ऐकवणे ही क्रूरता होय.

म्हणून सहजीवनाविषयीचे लेखन जोखमीच्या वाटपाविषयी मौन बाळगू शकत नाही. वनालगतच्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावरून बिबट्या दिसणे आणि अंगणात शौचास निघालेल्या मुलाला तो दिसणे, हे एकाच घटनेचे दोन अनुभव नव्हेत. त्या दोन वेगळ्या घटना आहेत. शौचालय, दिवाबत्ती, कचऱ्याचा निपटारा, भटक्या कुत्र्यांची संख्या या गोष्टी निसर्गलेखनाच्या परिघाबाहेरच्या वाटल्या तरी बिबट्यासोबत राहणे शक्य होते की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांवर ठरते.

याच परिसरात सहजीवनाची एक वेगळी, लिखित साहित्यात अपवादानेच उमटलेली परंपरा आहे. वारली समाजात वाघोबाची पूजा होते. राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरापासून पालघरच्या पाड्यांपर्यंत त्याची स्थाने आढळतात. 'वाघोबा' या नावात वाघ आणि बिबट्या दोन्ही येतात. दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे हिवाळ्याच्या उंबरठ्यावर, येणारी वाघबारस ही अनेक आदिवासी समाजांत पाळली जाते. माणसाने वाघोबाचा मान राखावा आणि वाघोबाने माणसाला सांभाळावे, असा परस्पर कर्तव्याचा भाव या पूजेमागे आहे. या श्रद्धेत भीती नाहीशी होत नाही. तिला जागा दिली जाते. घुसखोरीच्या भाषेत केवळ भीती असते आणि भूतदयेच्या भाषेत ती नसतेच. वाघोबाच्या भाषेत भीती, आदर आणि अंतर या तिन्ही गोष्टी एकत्र नांदतात. मात्र या परंपरेचे उदात्तीकरण करून तिच्या वारसांना त्याच जोखमीत ठेवणे हेही न्याय्य नाही. वाघोबाला मानणाऱ्या पाड्यालाही वीज, पाणी आणि सुरक्षित घर हवे असते. मराठी निसर्गलेखनात उणीव आहे ती या पाड्यांतून आलेल्या लेखकाची. रानात जाऊन परतणाऱ्यांनी पुष्कळ लिहिले. जे परत जात नाहीत, कारण तेच त्यांचे घर आहे, त्यांचे लेखन मराठी ग्रंथव्यवहारात अद्याप विरळ आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. मराठी निसर्गलेखनाने वन्यजीवाकडे पाहण्याची संयत रीत घडवली, परंतु प्रवासाच्या चौकटीमुळे ती रानाशी निगडित राहिली. 'ऋतुचक्रा'तील पंचांगाची चौकट ही रीत शहरात आणण्यास अधिक अनुकूल आहे. शहरातील प्राण्यांसाठी आज उपलब्ध असलेल्या घुसखोरीच्या आणि भूतदयेच्या भाषा परस्परविरोधी भासल्या तरी प्राण्याचे स्वतंत्र जीवन न पाहण्याच्या बाबतीत त्या एकसारख्याच आहेत. आणि शहरी सहजीवनाचे कोणतेही लेखन जोखीम कोणाच्या वाट्याला येते हे सांगितल्याविना अपुरे राहते.

या निष्कर्षांचा महाविद्यालयीन अध्यापनाशी निकटचा संबंध आहे. 'सत्तांतर' किंवा 'ऋतुचक्र' अभ्यासक्रमात असते तेव्हा बहुधा त्यांतील शैली, प्रतिमा आणि निवेदन यांची चर्चा होते. त्याच तासाला विद्यार्थ्यांसमोर त्या आठवड्यातील बिबट्याची एखादी बातमी ठेवून तिच्यातील क्रियापदे तपासता येतील. 'घुसला'च्या जागी 'आला' आणि 'जेरबंद'च्या जागी 'पकडून नेला' असे शब्द ठेवल्यास अर्थ कसा बदलतो, हे पाहता येईल. भाषा, प्राणिशास्त्र आणि भूगोल हे विभाग एकत्र येऊन महाविद्यालयाच्या आवारापुरते एक पंचांग तयार करू शकतील : कोणता पक्षी कोणत्या तिथीच्या सुमारास आला, आवारातील काटेसावर केव्हा फुलली, घारींनी घरटे कोठे बांधले, आणि या सर्वांची नावे आसपासच्या वस्तीत कोणती आहेत. त्यात पाड्यावरून वा उसाच्या पट्ट्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद ही इतरांइतकीच, किंबहुना अधिक मोलाची ठरेल, कारण ज्याविषयी इतर वाचतात त्याच्यासोबत तो राहतो. अशा नोंदींच्या चार-दोन वह्या भरल्या तर त्यांतून उद्याचा निसर्गलेखक निघेलच असे नाही. परंतु पुढच्या एखाद्या डिसेंबरात वसाहतीत गवा आला, तर दोन पावले मागे सरून त्याला वाट देणारी काही माणसे त्या गर्दीत निश्चितच असतील.